कर्णबधिर कामगार तिसऱ्या महिन्यात न सांगता निघून गेला, आमचं काय चुकलं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय ना हे तुम्हालाही समजेल.

भोसरीला तुमची गाड्यांच्या सुट्या भागांची असेंब्ली आहे, साठ-पासष्ट माणसं, दोन पाळ्या. सहा महिन्यांपूर्वी आयटीआय झालेली दोन कर्णबधिर मुलं तुम्ही लाइनवर घेतली. हात चांगला, हजेरी चांगली. तरी एक जण तिसऱ्या महिन्यात पगार घेऊन गेला तो परत आलाच नाही. दुसरा टिकून आहे, पण "चिडचिड करतो, अंगावर येतो" असं सुपरवायझर म्हणतो, आणि "पुन्हा असली माणसं माझ्या लाइनवर देऊ नका" असंही म्हणतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: आमचं काय चुकलं, आमच्या कामाला कोणत्या प्रकारचं अपंगत्व चालेल, आणि कायद्यानं आमच्यावर नेमकं काय बंधनकारक आहे. शिवाय "आम्हाला उपकार करायचे नाहीत, चांगले कामगार हवेत" असंही लिहिलंत. त्या वाक्यामुळेच एवढं सविस्तर लिहायला बसले.

मी मूळची व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. रुग्णालयात सुरुवात केली, पण गेली बावीस वर्षं माझं काम कारखान्यांत, गोदामांत आणि ऑफिसांत चालतं. दिव्यांग माणूस आणि त्याला कामावर घेणारा मालक, या दोघांच्या मध्ये उभं राहायचं आणि दोघांचं एकमेकांशी जमेपर्यंत तिथून हलायचं नाही, असं ते काम आहे. तुमची लाइन मी पाहिलेली नाही. मुलं जन्मापासून कर्णबधिर आहेत की नंतर झाली, सांकेतिक भाषेत बोलतात की ओठ वाचतात, मराठी किती वाचतात, तुमच्या रोलवर आहेत की कॉन्ट्रॅक्टरच्या, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तरीही तुमच्या पत्रातल्या खुणा माझ्या इतक्या ओळखीच्या आहेत की अंदाज बांधायचं धाडस करते.

माझा अंदाज असा. तुम्ही त्यांना काम शिकवलंत, आणि ते नीट शिकवलंत. पण कामाभोवती दिवसभर जे बोलणं चालतं ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. कारखाना जेवढा ड्रॉइंगवर चालतो तेवढाच तोंडी चालतो. "आज बारानंतर दुसरा पार्ट घ्यायचा", "उद्या लाइट जाणार, लवकर या", "बोनस यंदा आठवडाभर उशिरा", "साहेबांचा मूड आज बरा नाही, जपून", हे कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही. ऐकू येणारा माणूस ते चहाच्या टपरीवर, लॉकरपाशी, बसमध्ये आपोआप उचलतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला प्रत्येक बदल अचानक अंगावर पडल्यासारखा वाटतो, आणि बहुतेक वेळा तो बदल ओरड्याच्या रूपातच येतो.

चाकण भागातल्या एका कारखान्यातली गोष्ट सांगते. मला बोलावलं होतं ते "मुलगा लक्ष देत नाही, रिजेक्शन वाढलंय" म्हणून. मी सुपरवायझरशी बोलण्याआधी दोन तास लाइनच्या कडेला नुसती उभी राहिले. साडेअकराला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, आला आणि चालता चालता म्हणाला, "डावा संपला, उजवा लावा रे." सहा जणांनी माना हलवल्या. सातव्याची पाठ त्याच्याकडे होती. पुढची चाळीस मिनिटं तो डाव्या बाजूचाच ब्रॅकेट बसवत राहिला, अगदी मन लावून. डावा-उजवा दिसायला जवळजवळ सारखाच. गेजवर, म्हणजे तपासणीच्या मापावर, पकडलं गेलं तेव्हा रिवर्कची, म्हणजे पुन्हा करायच्या मालाची, पेटी भरली होती, आणि सगळ्यांसमोर त्याच्यापुढे ती पेटी उपडी केली गेली. आपलं काय चुकलं हे त्याला त्या क्षणीही कळलं नव्हतं. माल तर बरोबर बसवला होता.

मी नंतर क्वालिटीच्या माणसाकडून जुनी रजिस्टरं मागितली. डाव्या-उजव्याची हीच चूक ऐकू येणाऱ्या कामगारांकडूनही महिन्यातून दोनदा तरी होत होती. तेव्हा तिला "चेंजओव्हरची", म्हणजे एका पार्टवरून दुसऱ्यावर जातानाची, "गडबड" म्हणायचे. या मुलाच्या हातून झाली तेव्हा ती त्याच्या बहिरेपणाची चूक झाली. उपाय साधा होता: प्रत्येक जिगपाशी, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यापाशी, दोन रंगांची पाटी. डावा चालू असेल तर निळी, उजवा असेल तर पिवळी. सेटरनं पाटी उलटवल्याशिवाय चेंजओव्हर झाला असं धरायचं नाही. ती पाटी आजही तिथे आहे, आणि आता ती सगळ्यांसाठी आहे.

तेव्हा पहिलं काम हे करा. एक दिवस वही घेऊन लाइनवर उभे राहा, आणि त्या दिवसात तोंडी दिली गेलेली प्रत्येक सूचना लिहून काढा. किती निघतात ते पाहून तुम्हीच थक्क व्हाल. मग प्रत्येकीसमोर लिहा, ही डोळ्यांना दिसेल अशी कशी देता येईल.

इथे बहुतेक मालक म्हणतात, "त्यात काय, आम्ही चिठ्ठी लिहून देतो की." चिठ्ठीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण मला दिसलेल्या गैरसमजांपैकी निम्मे चिठ्ठीतून झालेत. ऐकू येणारं मूल मराठी ऐकत ऐकत मोठं होतं, शाळेत जाण्याआधीच त्याला भाषा येते. जन्मतः कर्णबधिर मूल ऐकू येणाऱ्या घरात वाढतं तेव्हा त्याच्यापर्यंत ती भाषा पोहोचतच नाही. शाळेत जी मराठी मिळते ती त्याच्यासाठी दुसरी भाषा असते, तीही न ऐकलेली. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. आपण विभक्तीचे प्रत्यय लावून जे सांगतो त्यातलं पुष्कळ तिथे हाताची जागा, दिशा आणि चेहरा यांतून सांगितलं जातं. त्यामुळे मुलगा हुशार असला, यंत्राचं ड्रॉइंग तुमच्यापेक्षा लवकर वाचत असला, तरी "-ऐवजी", "-खेरीज", "जर-तर" यांत तो अडखळू शकतो.

एका ठिकाणी मुलाला चिठ्ठी दिली होती: "उद्या पहिल्या पाळीऐवजी दुसऱ्या पाळीला ये." त्यानं त्यातलं ओळखीचं तेवढं उचललं: उद्या, पहिली पाळी, ये. सकाळी सातला गेटवर हजर. वॉचमननं परत पाठवला. का, ते सांगायला तिथे कुणी नव्हतं. आपल्याला कामावरून काढलं असं समजून तो घरी गेला आणि चार दिवस आला नाही. कारखान्यात नोंद झाली: विनापरवाना गैरहजर. तुमचा मुलगा असाच काहीतरी समज करून गेला असेल, अशी मला दाट शंका आहे.

चिठ्ठी द्यायचीच तर अशी द्या: वर तारीख, खाली दोन चौकोन. "पहिली पाळी" वर फुली, "दुसरी पाळी" वर बरोबरची खूण, शेजारी घड्याळातली वेळ. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट. आणि "समजलं का?" असं विचारू नका. मान हलवणं म्हणजे समजलं असं नसतं. आयुष्यभर लोकांना कंटाळलेलं पाहिलेला माणूस मान हलवून मोकळा होतो. "उद्या किती वाजता?" असं विचारा आणि त्याला बोटांनी दाखवू द्या.

आता सांकेतिक भाषा. तुमच्या साठ माणसांनी ती पूर्ण शिकावी अशी माझी अपेक्षा नाही. पण लाइनवरच्या आठ-दहा जणांनी तीस-चाळीस खुणा शिकणं अगदी शक्य आहे, आणि त्या शिकवायला बाहेरून मास्तर आणू नका. तुमच्याकडे आहे त्या मुलालाच शिकवू द्या. रोज जेवणानंतर दहा मिनिटं, चार खुणा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश मोफत पाहता येतो. २०२१ च्या आवृत्तीत त्यात १०,००० शब्द झाले. पण तुमच्या रिवर्कच्या पेटीला, तुमच्या गेजला, "मटेरियल संपलं"ला तुमच्याच लाइनवर खुणा ठरवाव्या लागतील. आणि माणसांनाही. कर्णबधिर लोक प्रत्येकाला एक खूण-नाव देतात. एका कारखान्यातले कडक सुपरवायझर नाकावरचा चष्मा सतत वर सारायचे, तर त्यांचं नाव तेच पडलं, नाकावर एक बोट. त्यांना कळलं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच ती खूण करून पाहिली. त्या दिवसापासून त्यांचं त्या मुलाशी वागणं बदललं. तोवर ते त्याला "मुका" म्हणायचे. त्यानं त्यांना नाव दिलं, मग त्यांनाही त्याला नावानं हाक मारावीशी वाटली.

हाक कशी मारायची हेही सांगते, कारण तुमच्या "अंगावर येतो"चं मूळ कदाचित इथेच असेल. ऐकू न येणारा माणूस दुसऱ्याचं लक्ष वेधायला खांद्याला हात लावतो, टेबलावर थाप मारतो, लांबून हात हलवतो. त्याच्या जगात हे सभ्य वागणं आहे. आपल्याला ते धसमुसळं वाटतं. सांकेतिक भाषेत भुवया, डोळे, ओठ हा सगळा व्याकरणाचा भाग आहे. नुसता प्रश्न विचारतानाही चेहरा असा होतो की न जाणणाऱ्याला राग वाटावा. आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यानं तो मोठा निघतो. तिन्ही एकत्र झालं की समोरचा म्हणतो, भांडायला आला. त्याची चिडचिड खरीही असेल, ते मी नाकारत नाही. सगळा टेबल हसतोय आणि का हसतोय हे सहा महिने एकदाही कुणी सांगितलं नाही, तर माणूस चिडणारच. पण तो रागीट आहे असं ठरवण्याआधी दुभाषी आणून एकदा त्याच्याशी बोला.

दुभाषी रोज लागत नाही. मुलाखत, पहिल्या दिवसाची माहिती, सुरक्षेचं प्रशिक्षण, पगाराबद्दलचं बोलणं, आणि काही बिघडलं असेल तेव्हाची बैठक, एवढ्या वेळी मात्र हवाच. प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवरही चालतं. एक चूक टाळा: आईला किंवा भावाला दुभाषी करू नका. मी असंख्य मुलाखती पाहिल्यात जिथे प्रश्न मुलाला विचारला जातो आणि उत्तर आई देते, मुलाकडे न बघता. "करेल हो तो, काहीही करेल, फक्त ठेवून घ्या." आईची कळकळ मला समजते. पण त्या मुलाला उभ्यानं आठ तास काम जमेल का, त्याला पेंटशॉप नको आहे का, हे त्या खोलीत कुणालाच कळत नाही. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी केलीत तर प्रशिक्षित दुभाष्यांपर्यंत पोहोचता येईल.

आता सुपरवायझर. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल थोडी नाराजी दिसली. माझं मत वेगळं आहे. चाकणच्या त्या कारखान्यातला सुपरवायझर मला म्हणाला होता, "मॅडम, पोरगं कामाला वाईट नाही हो. पण त्याला सांगायचं कसं, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि टार्गेट तर तेवढंच आहे." त्याचं शंभर टक्के खरं होतं. निर्णय ऑफिसात झाला, शाबासकीही ऑफिसलाच मिळाली, आणि सकाळी सातला लाइन चालवायची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या अंगावर. नवीन माणूस, तोही वेगळ्या पद्धतीनं शिकणारा, लाइनवर आला की पहिले चार-सहा आठवडे सुपरवायझरच्या टार्गेटमध्ये लेखी सूट द्या. नुसतं तोंडी "बघून घ्या" नको. मुलाखतीला त्यालाही बसवा. माझ्या अनुभवात माणूस टिकतो की नाही हे मालकाच्या मनाच्या मोठेपणापेक्षा या एका गोष्टीवर जास्त ठरतं. तुम्ही केलं नसेल तर त्यांची माफी मागा आणि आता करा. "असली माणसं देऊ नका"चा अर्थ पुष्कळदा "मला असं एकट्याला सोडू नका" एवढाच असतो.

सोबती नेमलात का? नेमला असेल तर एकच नेमला असेल. तो गावाला गेला की सगळं कोसळतं, आणि तो स्वतःही थकतो. दोघं-तिघं ठेवा, दोन्ही पाळ्यांत.

सुरक्षेबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण "अपघात झाला तर?" ही भीती ओळींमधून दिसते. ती रास्त आहे, आणि तिचं उत्तर माणसाला घरी पाठवणं हे नाही. तुमच्याकडे आवाजानं मिळणारे इशारे कोणते, ते मोजा: आगीचा हूटर, फोर्कलिफ्टचा मागे येतानाचा आवाज, "बाजूला हो"ची आरोळी, आणि मशीनचा बदललेला सूर. प्रत्येकाला डोळ्यांसाठी किंवा स्पर्शासाठी पर्याय हवा. हूटरसोबत लुकलुकणारा दिवा, फोर्कलिफ्टपुढे जमिनीवर पडणारा निळा प्रकाश, वळणावर गोल आरसे, रंगवलेला चालायचा पट्टा. मशीनचा बिघाड कर्णबधिर कामगार कित्येकदा हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून लवकर ओळखतात, पण त्यावर विसंबू नका, इंडिकेटर लावा. कानांत प्लग घातलेल्या तुमच्या बाकीच्या माणसांनाही हे सगळं हवंच आहे.

आणि हो, प्लग त्यालाही द्या. "त्याला कशाला?" असं प्रत्येक ठिकाणी विचारतात. बहुतेक कर्णबधिर माणसांना थोडं ऐकू येत असतं आणि ते उरलेलं ऐकणं गोंगाटानं जाऊ शकतं. श्रवणयंत्र म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे. उलट ते गोंगाटही वाढवून आत पाठवतं, म्हणून लाइनवर ते काढून ठेवावंसं वाटलं तर जबरदस्ती करू नका.

एका कारखान्यात आम्ही लाइनवर, कॅन्टीनमध्ये, स्टोअरमध्ये दिवे लावले आणि अभिमानानं मॉक ड्रिल घेतली. सगळे मैदानात जमले, मोजणीत एक कमी. पाच मिनिटांनी तो संडासातून हात पुसत शांतपणे बाहेर आला आणि रिकामा शॉप बघून दारातच थबकला. त्याच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी विसरले नाही. संडासात दिवा लावायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून मी यादी संडासापासून सुरू करते.

थोडक्यात, पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: मुलांची निवड चुकली नाही. तोंडी चालणारा कारखाना दिसता केला गेला नाही, आणि सुपरवायझरला वेळ दिला गेला नाही. दोन्ही अजून करता येतं.

दुसरा प्रश्न, कोणतं अपंगत्व आमच्या कामाला चालेल. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि मी दरवेळी तो उलटा करून परत देते. "बहिरे असेंब्लीला, अंध टेलिफोनला, पोलिओवाले बसून काम" असे तक्ते डोक्यात बसलेत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. २१ खणांची फडताळं करून माणसं त्यात ठेवायला गेलात तर फसाल. एका ठिकाणी पायाला पोलिओ असलेल्या माणसाला मोठ्या काळजीनं "बसून करायचं" स्टोअरचं काम दिलं होतं. स्टोअर पोटमाळ्यावर, लोखंडी जिना, आणि दिवसातून पंधरा वेळा खाली-वर. तो तीन आठवडे काही बोलला नाही, नोकरी जाईल म्हणून. त्याला पॅकिंगच्या टेबलाशी उंच स्टूल दिलं असतं तरी पुरलं असतं.

तेव्हा अपंगत्वापासून सुरुवात करू नका, कामापासून करा. एक काम घ्या आणि त्याचे तुकडे पाडा: काय उचलायचं, कुठे बघायचं, किती मोजायचं, काय लक्षात ठेवायचं, कुणाशी बोलायचं. मग समोरच्या माणसाला ते काम करून पाहू द्या आणि अडलं तर विचारा, "इथे काय बदललं तर जमेल?" बौद्धिक अक्षमता असलेली एक मुलगी फिटिंगच्या पिशव्या भरायला आली होती. प्रत्येक पिशवीत बारा स्क्रू. सात-आठनंतर तिची मोजणी चुकायची, आणि तिची आई दर संध्याकाळी गेटवर येऊन विचारायची, "आज काढलं का तिला?" आम्ही जाड पुठ्ठ्याचा एक ट्रे केला, बारा खळग्यांचा. प्रत्येक खळग्यात एक स्क्रू, ट्रे भरला की पिशवीत ओतायचा. मोजायचंच नाही. पहिल्या दिवशी ती हळू होती. दुसऱ्या आठवड्यात शेजारची बाई म्हणाली, "मलाही दे की असला एक." महिन्याभरात तो ट्रे लाकडाचा झाला आणि सगळ्या टेबलांवर गेला. त्या मुलीला मी मोजायला शिकवत बसले असते तर वर्ष गेलं असतं.

प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांबद्दल एक सांगून ठेवते, कारण इथे भलेभले चुकतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षणासारखे लाभ मिळतात, त्यासाठी तो आकडा. "८० टक्के अपंग" म्हणजे "२० टक्के काम करेल" असा त्याचा अर्थ अजिबात नाही. तो डॉक्टरांनी शरीराच्या एका भागाबद्दल दिलेला आकडा आहे, तुमच्या टेबलावरच्या कामाबद्दलचा नाही. मुलाखतीत तो पहिला विचारू नका. पगारही त्यावर ठरवू नका, त्याच कामाला तोच पगार.

आणि बाहेरून माणूस शोधण्याआधी आपल्या शॉपमध्ये नजर टाका. प्रेसवर बोटं गमावलेला कुणी आहे का? डायबेटिसनं नजर अधू झालेला जुना फिटर? मोठ्या आजारपणानंतर परत येऊ बघणारी, पण विचारायला संकोचणारी कुणी? नवीन दोघांचं स्वागत करताना जुन्या एकाला "आता झेपत नाही" म्हणून हिशेब देऊन पाठवणारे कारखाने मी पाहिलेत. तसं झालं की नव्या माणसांनाही आपली जागा किती पक्की आहे ते कळतं. मानसिक आजाराबद्दल कुणी विश्वासानं सांगितलं, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. लाइनवर त्याची चर्चा झाली की दुसरा कुणी पुन्हा सांगणार नाही.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. खाजगी क्षेत्रात किमान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत म्हणून सरकारनं प्रोत्साहन द्यावं असं कलम ३५ म्हणतं. तो कोटा नव्हे. कुणी सल्लागार कोट्याची भीती घालून पैसे मागत असेल तर देऊ नका. पण तुमच्याकडे वीसहून जास्त माणसं आहेत, त्यामुळे लेखी "समान संधी धोरण" तुम्हाला करावंच लागतं. कोणत्या जागा, निवड कशी, प्रशिक्षण, बढती, रजा, साहाय्यक साधनं, अडथळामुक्त जागा, आणि या सगळ्यासाठी एक संपर्क अधिकारी, हे त्यात हवं. ते दर्शनी भागात किंवा वेबसाइटवर लावायचं आणि त्याची प्रत राज्य आयुक्तांकडे नोंदवायची. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, म्हणजे तुम्हाला लांब जायचं नाही. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, नंतर ५०,००० ते ५ लाख.

कायद्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग मात्र "वाजवी सोय" हा आहे. आस्थापनेवर अवाजवी बोजा न टाकता, त्या त्या माणसाला इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून केलेले बदल. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये, लेखनिक मिळण्याच्या एका प्रकरणात, ही सोय माणसागणिक वेगळी असते आणि त्या माणसाशी बोलूनच ठरवायला हवी, हे स्पष्ट केलं. म्हणजे निळी-पिवळी पाटी, बारा खळग्यांचा ट्रे आणि उंच स्टूल, हे सगळं त्यात बसतं. जाता जाता एक कामाची गोष्ट: ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विमा) पगाराची मर्यादा इतरांना २१,००० आहे, दिव्यांग कर्मचाऱ्यांना २५,०००. तुमच्या अकाउंटंटला सांगा, पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, स्टेजवर बोलावून हार घालणं, फोटो काढणं, हे त्या मुलाला विचारल्याशिवाय करू नका. मला एकानं खुणांनी सांगितलं होतं: वर्षातून एक दिवस सगळे माझ्याशी हात मिळवतात, दुसऱ्या दिवशी पाळी बदलल्याचं कुणी सांगत नाही.

आता जो गेला त्याच्याबद्दल. फोन करून काही होणार नाही, आणि त्याच्या घरच्यांना "पाठवून द्या" असा निरोपही देऊ नका. दुभाष्याची वेळ ठरवा, मुलाला व्हिडिओ मेसेजवर विचारून त्याच्या सोयीचा रविवार घ्या आणि स्वतः जा. सुपरवायझरला सोबत न्या. परत ये म्हणण्याआधी त्याला विचारा, शेवटच्या आठवड्यात काय झालं होतं, आणि तो सांगेल ते मध्ये न तोडता ऐका. बोलताना दुभाष्याकडे न बघता त्याच्याकडे बघा. शेवटच्या पगाराची स्लिप बरोबर ठेवा: कपात कशाची झाली हे त्याला कळलं नव्हतं, असं माझ्या बाबतीत तरी तीनदा निघालंय. तो परत आला नाही तरी जे सांगेल ते वहीत लिहून आणा, आणि सोमवारी दुसऱ्या मुलाशी बसाल तेव्हा ती वही उघडी ठेवा. तुमच्या लाइनचा एक साधा नकाशा आणि पाळ्यांचं वेळापत्रक इथे टाकलंत, तर दिवे आणि पाट्या कुठे हव्यात ते मी खूण करून देईन.